प्रलयकथा कशासाठी?

पाठपरिचय

माणसाचे पुढे काय होणार, हा प्रश्न फार जुना आहे. पुराणांनी प्रलयाच्या कथांमधून त्याचे उत्तर शोधले. आधुनिक काळात हे काम विज्ञानकथेने हाती घेतले. मानवजातीच्या अंताची कल्पना करणाऱ्या अशा कथा कशासाठी लिहाव्यात आणि कशासाठी वाचाव्यात, याचा विचार या वैचारिक लेखात केला आहे. लेख वाचताना 'भय' आणि 'भान' या दोन शब्दांमधील फरकाकडे विशेष लक्ष द्यावे.

मूळ पाठ

१९६२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात 'अष्टग्रही' आली. पंचांगानुसार आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते आणि या योगामुळे जगबुडी होणार, अशी आवई देशभर उठली होती. ठिकठिकाणी यज्ञ मांडले गेले. होमहवने झाली. लोक जीव मुठीत धरून बसले. ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस धास्तीत गेले आणि ६ तारखेला सूर्य नेहमीसारखाच उगवला. ज्यांनी यज्ञ केले होते त्यांना वाटले, आपल्या यज्ञामुळेच संकट टळले. ज्यांनी काहीच केले नव्हते तेही सुखरूप होते. परंतु त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

असे भय केवळ आपल्याकडेच असते, असे समजण्याचे कारण नाही. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार, असे खगोलशास्त्रज्ञांनी सांगितले होते. त्या शेपटीत विषारी वायू असल्याची बातमी पसरताच युरोप-अमेरिकेतील अनेकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. धूमकेतूच्या विषावर उतारा म्हणून गोळ्या विकणारेही निघाले. भयाला देश नसतो आणि दुसऱ्याच्या भयावर पोट भरणाऱ्यांचीही कुठे वाण नसते.

मग माणसाच्या अंताची गोष्ट सांगणारे साहित्य हेच भय पेरते काय? जगात आधीच दुःख कमी आहे म्हणून लेखकांनी त्यात प्रलयाची भर घालावी काय? हा आक्षेप वारंवार घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी भय आणि भान यांतील फरक समजून घ्यावा लागतो. भय माणसाला हतबल करते. भान त्याला कामाला लावते. अंताची वाईट कथा वाचकाला केवळ घाबरवते. चांगली कथा त्याला भान देते.

मनूची नाव

ही गोष्ट आपल्या परंपरेला ठाऊक नव्हती असे नाही. शतपथ ब्राह्मणात मनू आणि मासा यांची कथा आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो. 'माझे रक्षण कर, मी पुढे तुझे रक्षण करीन,' असे तो सांगतो. मनू त्याला वाढवतो. मोठा झाल्यावर मासा त्याला येणाऱ्या महापुराची सूचना देतो आणि नाव बांधून ठेवायला सांगतो. पूर येतो, तेव्हा ती नाव माशाच्या शिंगाला बांधून मनू उत्तरेच्या पर्वतापर्यंत पोहोचतो. या कथेतील मनूला पूर थांबवता येत नाही. त्याचे मोठेपण वेगळे आहे. तो इशारा ऐकतो, त्यावर विचार करतो आणि पाणी दाराशी येण्यापूर्वी नाव बांधून तयार ठेवतो.

पुराणांनी काळाची मोजणीही फार मोठी केली. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प. तो ४३२ कोटी वर्षांचा मानला गेला. माणसाचे आयुष्य या काळाच्या मानाने किती अल्प आहे, हे त्या कल्पनेने भारतीय मनावर ठसवले. मात्र पुराणातील प्रलय आणि विज्ञानाने सांगितलेला अंत यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पुराणात प्रलयानंतर सृष्टी पुन्हा निर्माण होते, युगांचे चक्र पुन्हा फिरू लागते. विज्ञानाने अशी कोणतीही हमी दिलेली नाही. पृथ्वीवरून एकदा नाहीशी झालेली प्रजाती परत येत नाही.

डायनासोरांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. त्यांनी सुमारे १६ कोटी वर्षे पृथ्वीवर वावर केला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोच्या परिसरात एक प्रचंड लघुग्रह आदळला आणि त्यानंतरच्या उत्पातात, पक्ष्यांचे पूर्वज वगळता, ते नामशेष झाले. आजचा मानव पृथ्वीवर येऊन जेमतेम ३ लाख वर्षे झाली आहेत. आकाशातून येणाऱ्या अशा आघाताची खूण पाहण्यासाठी दूर जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर काळ्या बेसॉल्ट खडकावर झालेल्या अशाच एका आघाताने तयार झाले. विष्णूने लवणासुराचा वध केला ती ही जागा, अशी लोककथा आहे. या भूमीवर काहीतरी भयंकर घडून गेले आहे, हे लोकमनाने आपल्या परीने ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

दूरचा काळ, जवळचा प्रश्न

आधुनिक विज्ञानकथेने मानवाच्या दूरच्या भविष्याकडे पाहायला सुरुवात केली, ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक कालयंत्रात बसून ८,०२,७०१ या वर्षात पोहोचतो. तिथे माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. एक जमिनीवर राहणारी, सुंदर परंतु दुबळी आणि निरुद्योगी. दुसरी जमिनीखाली अंधारात यंत्रे चालवणारी, आणि रात्री वर येऊन पहिल्या जातीला भक्ष्य करणारी. नायक आणखी काही कोटी वर्षे पुढे जातो, तेव्हा सूर्य तांबूस, विझत चाललेला दिसतो आणि किनाऱ्यावर माणसाचा मागमूसही नसतो.

वेल्सने आठ लाख वर्षांपुढचे चित्र रंगवले. परंतु त्याचे डोळे त्याच्या काळातील इंग्लंडवर होते. कारखान्यांत राबणारे आणि त्यांच्या श्रमावर चैन करणारे यांच्यातील दरी अशीच रुंदावत गेली तर तिचा शेवट कुठे होईल, हा त्याचा खरा प्रश्न होता. उत्तम भविष्यकथेचे हेच मर्म असते. ती दूरच्या काळात जाते, ती आजचा दिवस नीट दिसावा म्हणून. डोंगरावर चढलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचा आकार कळतो, तसेच हे आहे.

दत्तदांचा धूमकेतू

मराठीत या प्रकारच्या साहित्याला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती डॉ. जयंत नारळीकर यांनी. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात निधन पावलेल्या या थोर खगोलशास्त्रज्ञाने आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, हा त्यामागील हेतू. 'कृष्णविवर' या त्या कथेला १९७४ साली पहिले पारितोषिक मिळाले.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कोलकात्यातील दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. त्यांना आपल्या छोट्या दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू दिसतो. ते ही बातमी बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेला कळवतात. शोध खरा ठरतो, धूमकेतूला दत्तदांचे नाव मिळते. पण पुढे गणिताने कळते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे. केंब्रिजला शास्त्रज्ञांची बैठक भरते. अवकाशात अणुस्फोट घडवून धूमकेतूचा मार्ग बदलण्याची योजना आखली जाते आणि ती यशस्वी होते. जग वाचते.

कथा येथे संपली असती तर ती एक साहसकथा झाली असती. नारळीकर तिला दत्तदांच्या घरात घेऊन जातात. तिथे धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. दत्तदा विरोध करतात, समजावून सांगतात. अखेर संकट टळते, तेव्हा त्यांच्या पत्नीला वाटते की हे यज्ञाचेच फळ. ज्या माणसाने धूमकेतू शोधला, त्याच्याच घरात त्या शोधाचा अर्थ पोहोचत नाही. पृथ्वी वाचवता आली, परंतु घरातील भय तसेच राहिले. अष्टग्रहीची आठवण असलेल्या वाचकाला ही कथा कल्पित वाटत नाही, ती याच कारणाने.

बंगळुरूच्या अंगणात

या कथेत बंगळुरूचा उल्लेख येतो, हे अगदी स्वाभाविक आहे. आर्यभट हा पहिला भारतीय उपग्रह याच शहरातील पीण्या भागातल्या साध्या शेडमध्ये तयार झाला आणि १९७५ साली अवकाशात गेला. इस्रो या अवकाश संशोधन संस्थेचे मुख्यालय येथेच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा त्याचे नियंत्रण याच शहरातून होत होते. दत्तदांनी जिला पत्र लिहिले ती ताराभौतिकी संस्था कोरमंगला भागात आहे. तमिळनाडूतील कावलूर येथे असलेल्या तिच्या वेधशाळेतून १९८८ साली एक नवा लघुग्रह सापडला. त्याला थोर गणितज्ञ रामानुजन यांचे नाव देण्यात आले. लघुग्रह शोधण्याच्या या मोहिमेचे नाव होते 'कल्की'. कलियुगाच्या अंती येणाऱ्या अवताराचे नाव शास्त्रज्ञांनी आकाशावर पाळत ठेवण्याच्या कामाला दिले. जुन्या कल्पनेला नवा अर्थ देण्याची ही रीत सुंदर आहे.

नारळीकरांनी कथेत जे कल्पिले, त्याच्या जवळपास जाणारी घटना पुढे प्रत्यक्षात घडली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'डार्ट' या यानाने डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली. हा लघुग्रह दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी पूर्ण करत असे. धडकेनंतर त्या फेरीचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. आकाशातील एका दगडाचा मार्ग माणसाला बदलता येतो, हे प्रथमच सिद्ध झाले. येथे अणुस्फोट करावा लागला नाही. एका लहानशा यानाचा धक्का पुरेसा ठरला.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये सापडलेल्या '२०२४ वायआर४' या लघुग्रहाची हकिगतही बोधप्रद आहे. २०३२ साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३ टक्के सांगितली गेली. शास्त्रज्ञांनी ती लपवली नाही आणि फुगवलीही नाही. जगभरातील दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या, अधिक निरीक्षणे झाली, गणित पुन्हा मांडले गेले आणि त्याच महिन्यात पृथ्वीला धोका जवळजवळ नसल्याचे स्पष्ट झाले. अष्टग्रहीच्या वेळची भविष्यवाणी आणि हा इशारा यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. भविष्यवाणी चुकली तरी ती करणारा चूक मान्य करत नाही. शास्त्रज्ञ मात्र नवा पुरावा मिळताच स्वतःचे मत स्वतःच दुरुस्त करतो. म्हणूनच त्याच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवता येतो.

माणसाने घडवलेला वामन

आकाशातून येणारे संकट माणसाच्या हातचे नसते. काही संकटे मात्र त्याने स्वतःच्या हातांनी घडवलेली असतात. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले, तेव्हा मानवजातीला स्वतःचा अंत घडवता येईल, ही कल्पना प्रथमच सर्वांच्या आवाक्यात आली. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत आणखी एका धोक्याची चाहूल आहे. जमिनीत खोल पुरलेली एक पेटी शास्त्रज्ञांच्या हाती लागते. ती एका प्राचीन, अतिशय पुढारलेल्या संस्कृतीने मागे ठेवलेली असते. तिच्यातील माहितीच्या आधारे आधी संगणक आणि मग 'वामन' नावाचा यंत्रमानव तयार केला जातो. ती संस्कृती कशामुळे लयाला गेली, हे पुढे उलगडत जाते. आपली कामे करण्यासाठी तिने ज्या यंत्रांना घडवले, तीच तिच्या नाशाला कारण झाली होती.

कादंबरीचे नाव अर्थपूर्ण आहे. पुराणातील वामन बळीच्या दारी येतो तो लहानसा बटू म्हणून, आणि मग तीन पावलांत सारे व्यापून टाकतो. माणसाने बुद्धिमान यंत्राला दारात घेतले तेव्हा तेही लहान आणि आज्ञाधारकच होते. ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा संगणक सामान्य माणसाने पाहिलेलाही नव्हता. आज बंगळुरूमध्ये लक्षावधी तरुण-तरुणी संगणकावर काम करून उपजीविका करतात. कोल्हापूर, सोलापूर, बेळगावहून आलेली मराठी मुलेही त्यांत आहेत. माणसाप्रमाणे लिहू-बोलू शकणारी यंत्रे आता हातातल्या फोनवर आली आहेत. २०२३ च्या मे महिन्यात या क्षेत्रातील अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी आणि उद्योजकांनी एका छोट्या निवेदनावर सह्या केल्या. महामारी आणि अणुयुद्ध यांच्याइतकेच गांभीर्य या यंत्रांपासून संभवणाऱ्या धोक्यालाही द्यावे, असे त्यात म्हटले होते. हा धोका किती खरा आहे, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र यंत्राला किती अधिकार द्यायचा, हे ठरवण्याची वेळ आली आहे, हे नाकारता येणार नाही. तो निर्णय यंत्र बनवणाऱ्यांवरच सोडून चालणार नाही.

दाराशी आलेला प्रलय

प्रत्येक संकट गडगडाट करत येते असेही नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूने वेगळाच अनुभव घेतला. अवकाशयानाशी लाखो किलोमीटरवरून संवाद साधणाऱ्या या शहरात नळाला पाणी नव्हते. शहरातील सुमारे १४,००० सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी सांगितले. टँकरपुढे घागरी आणि प्लॅस्टिकच्या कॅनच्या रांगा लागल्या. हे शहर एके काळी तलावांचे शहर म्हणून ओळखले जाई. जुन्या लोकांनी एकमेकांना जोडलेले तलाव बांधून पावसाचे पाणी अडवले होते. त्यांतील कित्येक तलाव बुजवून त्यांवर वस्त्या, रस्ते आणि मैदाने झाली. उरलेल्यांपैकी बेळ्ळंदूरच्या तलावात सांडपाण्याचा फेस उसळला आणि २०१७ साली तर त्या तलावावर आग लागलेली लोकांनी पाहिली. पाण्याला आग लागणे ही कोणत्याही विज्ञानकथेत शोभेल अशी घटना आहे.

येथे ना धूमकेतू आला, ना यंत्रमानव. एकेक तलाव, एकेक झाड, एकेक बोअर असे करत हे संकट जवळ आले. ते येत आहे, असा इशारा देणारेही होते. कमतरता होती ती तो ऐकून नाव बांधणाऱ्या मनूची.

आज आणि उद्या

कोणी विचारील, ज्याला संध्याकाळच्या भाकरीची विवंचना आहे त्याने हजारो वर्षांपुढच्या माणसाची चिंता का करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्याकडचा गरिबातला गरीब शेतकरीही बांधावर आंब्याची कोय पुरतो, चिंचेचे रोप लावतो. त्या झाडाची गोडी आपल्याला पुरेपूर चाखायला मिळेलच, अशी त्याला खात्री नसते. तो नातवंडांसाठी झाड लावतो. पुढच्या पिढ्यांची काळजी हा सुखवस्तू माणसाचा छंद नव्हे. ती शेतकऱ्याची जुनी रीत आहे. विज्ञानकथा त्याच रीतीचा विस्तार करते. ती नातवंडांपाशी न थांबता, ज्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत अशा पिढ्यांपर्यंत विचार नेते. शिवाय संकट कोणतेही असो, त्याचा पहिला फटका भाकरीची विवंचना असलेल्यालाच बसतो. टँकरच्या रांगेत कोण उभे होते, हे बंगळुरूने पाहिले आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे शास्त्रज्ञांचे काम. सामान्य माणसाला त्यात काय करता येणार? या आक्षेपाचे उत्तर दत्तदांच्या घरात आहे. जग वाचवण्याचे ज्ञान मूठभर लोकांपाशी असले आणि इतरांपाशी केवळ भय असले, तर ती सुटका अपुरी ठरते. धूमकेतू वळवण्यासाठी शास्त्रज्ञ लागतात, हे खरे. परंतु तलाव राखण्यासाठी, अफवा थोपवण्यासाठी, यंत्राच्या आणि शस्त्रांच्या वापराविषयी राज्यकर्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी विचार करणारे नागरिकच लागतात. शिक्षण कोणत्याही वयात सुरू झालेले असो, त्याचे एक प्रयोजन हेही आहे.

सूर्याचे आयुष्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षांचे आहे. पृथ्वी मात्र त्याच्या कितीतरी आधी, साधारण १०० कोटी वर्षांत, जीवसृष्टीसाठी फार तापलेली असेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे कधी ना कधी अंत आहेच. परंतु आजपासून त्या दिवसापर्यंतचा काळ एवढा प्रचंड आहे की, माणसाची खरी कहाणी अद्याप सुरूच व्हायची आहे, असे म्हणता येईल. ती कहाणी मध्येच तुटू नये, एवढीच प्रलयकथेची तळमळ असते. ती वाचून ज्याला केवळ झोप येईनाशी होईल, त्याने ती अर्धीच वाचली. ती वाचून जो दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या तळ्याकडे पाहील, त्याला ती समजली.

विचार करा

१. 'भय माणसाला हतबल करते. भान त्याला कामाला लावते.' हे विधान अष्टग्रही आणि '२०२४ वायआर४' या दोन घटनांच्या आधारे स्पष्ट करा.

२. दत्तदांच्या घरातील प्रसंगातून लेखकाला काय सुचवायचे असावे, असे आपल्याला वाटते?

३. आपल्या परिसरात हळूहळू जवळ येणारे एखादे संकट कोणते? त्यासाठी कोणती 'नाव' बांधावी लागेल, हे आठ-दहा ओळींत लिहा.